कंपवातातला 'कंप' तेवढा दिसतो, बाकीचं कोणी बघत नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत कंपवातावर लेख आला होता, वर एका आजोबांच्या थरथरत्या हाताचा फोटो आणि खाली वय झालं की नसा कमजोर होतात, हात थरथरायला लागतात अशा धाटणीचा मजकूर. चांगल्या हेतूनेच लिहिला असणार यात शंका नाही, पण तो वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जागेप्रमाणे कापायचं तर कापा, फक्त मधला मेंदूचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

माझ्या बाबांना हा आजार आहे, नऊ वर्षं झाली. आणि बाबांचा हात थरथरत नाही, कधीच थरथरला नाही. म्हणूनच तर आम्हाला कळायला दीड वर्ष गेलं. सुरुवात उजव्या खांद्यापासून झाली, खांदा धरलाय, हात मागे जात नाही, मग फ्रोझन शोल्डर म्हणून आठ महिने शेक, गोळ्या, व्यायाम सगळं झालं, डॉक्टरांनी खांद्याच्या पुढे बघितलं नाही आणि आम्हीही नाही. त्याच काळातला एक घरगुती व्हिडिओ आहे, त्यात बाबा चालत येतायत, डावा हात नेहमीसारखा मागेपुढे हलतोय आणि उजवा नुसता अंगालगत लटकलाय. आता तो व्हिडिओ बघवत नाही इतकं ते स्पष्ट दिसतं, तेव्हा घरातल्या पाच माणसांपैकी एकाच्याही नजरेत आलं नाही कारण आम्ही सगळे थरथर शोधत होतो, आणि ती नव्हतीच.

मग सही. बँकेतून चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. बाबांना ते फार लागलं, त्यांनी घरी बसून एका वहीत पानभर सह्या करून बघितल्या, ती वही मी जपून ठेवलीय. पहिली सही ठीक आहे, पहिलं अक्षर चांगलं ठसठशीत, मग पुढची अक्षरं लहान होत होत शेवटी मुंगीएवढी, आणि दुसरी सही पहिलीपेक्षा लहान, तिसरी त्याहून लहान, पानाच्या तळाला पोचेपर्यंत नुसती एक वळवळती रेघ उरते. हात कुठेच थरथरलेला नाही, रेघ एकदम स्वच्छ आहे. "मी मोठीच काढतोय गं, कागदावर ती लहान येतेय" असं ते म्हणाले होते आणि मी म्हटलं होतं चष्म्याचा नंबर वाढला असेल.

हे सगळं कंपवात या शब्दात कुठे बसतं सांगा. शब्द जुना आहे, त्याच्यावर राग नाही. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या ज्या डॉक्टरच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्यानेही १८१७ साली त्यावर छोटं पुस्तक लिहिलं तेव्हा थरथरता लकवा असंच नाव दिलं होतं. सहा पेशंटचं वर्णन आहे त्यात, आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यात येताजाता पाहिलेले. पण पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरने नेमकं त्यावरच बोट ठेवलं की बाबांनो, यातल्या सगळ्यांना कंप नसतो, आणि यांच्या अंगातली ताकदही लकव्यासारखी गेलेली नसते, मग हे नाव कसं चालेल, आणि म्हणून त्याने पार्किन्सनचा आजार हे नाव रूढ केलं. म्हणजे ही चूक एकोणिसाव्या शतकातच सुधारली गेलीय आणि आपण अजून थरथरत्या हाताचेच फोटो छापतोय. चारातल्या एखाद्याला तरी सुरुवातीला कंप नसतोच, त्यांचं निदान असंच खांद्यात, कंबरेत, चष्म्यात नाहीतर वयात अडकून पडतं.

आता मेंदूचं. मी डॉक्टर नाही, पण नऊ वर्षांत वाचून, विचारून, दोन न्यूरोलॉजिस्टना अक्षरशः भंडावून जेवढं पक्कं समजलंय तेवढंच लिहिते.

हालचालीचा हुकूम मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरातून निघतो, मणक्यातून खाली उतरतो आणि स्नायूपर्यंत जातो, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. लकव्यात ही वाट कुठेतरी तुटते. पार्किन्सन्समध्ये ही वाट शाबूत असते, स्नायूही शाबूत. बिघाड असतो तो मेंदूच्या पोटात खोलवर, तिथे करड्या पेशींच्या काही गाठी आहेत, दोन्ही बाजूंना एकेक संच, त्यांना मिळून बेसल गँग्लिया म्हणतात. या गाठींमधून मणक्याकडे सरळ एकही तार जात नाही, म्हणजे हात उचल असं त्या स्नायूला कधी सांगतच नाहीत. त्यांचं काम परवानगीचं. आपल्या डोक्यात एका वेळी पन्नास हालचाली तयार असतात, उठू, वळू, खाजवू, हात पुढे करू, त्यातली कुठली सोडायची आणि कुठली दाबून धरायची, आणि सोडली तर किती मोठी आणि किती वेगात, हे तिथे ठरतं.

आणि ते ठरवायची पद्धत आपल्याला वाटते त्याच्या उलटी आहे, मला तर हे कळलं तेव्हा बाबांचा आजार पहिल्यांदा खरा समजला. या गाठींच्या शेवटच्या टोकाला पॅलिडम नावाचा भाग आहे, तो तुम्ही नुसते शांत बसलेले असतानाही सेकंदाला पन्नासहून जास्त वेळा ठोके देत असतो, आणि त्या ठोक्यांचा अर्थ एकच, थांब थांब थांब. थॅलॅमस नावाचा जो भाग वरच्या मेंदूला हालचालीसाठी चेतवतो त्याच्यावर हा दाब चोवीस तास असतो. म्हणजे आपण सगळे हँडब्रेक ओढूनच बसलेलो असतो, आणि हात उचलायचा म्हणजे नेमका त्या हालचालीपुरता ब्रेक क्षणभर सैल करायचा. सैल करणारा एक रस्ता आहे आणि आणखी घट्ट ओढणारा दुसरा रस्ता आहे, दोन्ही स्ट्रायटम नावाच्या मोठ्या गाठीतून निघतात, आणि या दोघांचा समतोल राखतं ते डोपामिन, ते पहिल्या रस्त्याला जोर देतं आणि दुसऱ्याला आवरतं. हे डोपामिन येतं मध्यमेंदूतल्या एका छोट्याशा काळपट पट्ट्यातून, त्याचं नावच सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणजे काळा पदार्थ, कापलेल्या मेंदूत नुसत्या डोळ्यांनी तो काळा दिसतो, आणि पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत तोच पट्टा फिका पडलेला असतो. लक्षणं दिसायला लागेपर्यंत तिथल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात, म्हणजे ज्या दिवशी सही लहान झाली त्याच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं होतं. वास न येणं, झोपेत ओरडणं हातपाय झाडणं, ही कधी कधी त्याच्याही आधीची चिन्हं असतात. बाबांचा वास निवृत्तीच्या आसपास गेला होता, सर्दीने गेला असं आम्ही धरून चाललो.

डोपामिन कमी पडलं की घट्ट ओढणारा रस्ता जिंकतो. इंजिन चालू आहे, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर देतोय, आणि हँडब्रेक निघत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाडीत दम नाही.

हे निव्वळ उपमा देऊन सांगतेय असं समजू नका, याचे पुरावे फार हृदय हलवणारे आहेत. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसनने सशांना रेसर्पिन दिलं, हे आपल्या सर्पगंधेतून निघणारंच औषध, त्याने ससे निपचित पडले, कान पाडून, ढकललं तरी हलेनात. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं, आणि काही मिनिटांत ससे उठून हालचाल करायला लागले. त्याला २००० साली नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांनी वारलेल्या पेशंटचे मेंदू तपासले तेव्हा स्ट्रायटममध्ये डोपामिन अगदी कमी सापडलं, आणि पुढच्याच वर्षी तिथे एल-डोपाचं इंजेक्शन दिल्यावर अंथरुणातून उठू न शकणारी माणसं उठून बसली, काही चालली. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कोट्झियास या डॉक्टरने गोळीचा डोस हळूहळू वाढवत नेला तर रोजच्या रोज फायदा टिकतो हे दाखवलं, आणि आज बाबा जी गोळी घेतात ती त्याच घराण्यातली. थेट डोपामिन का देत नाहीत असं मला कितीतरी जण विचारतात, तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, एल-डोपा शिरतं.

आणि एक गोष्ट १९८२ ची, कॅलिफोर्नियातली. काही तरुण मुलं अचानक दगडासारखी होऊन हॉस्पिटलात आली, डोळे उघडे, शुद्ध पूर्ण, आणि शरीर जागच्या जागी थिजलेलं. घरगुती लॅबमध्ये बनवलेलं नशेचं इंजेक्शन त्यांनी घेतलं होतं आणि त्यात एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं, त्याने नेमका तो काळा पट्टाच मारला. विल्यम लँगस्टन या न्यूरोलॉजिस्टने ते ओळखून काढलं. त्या मुलांना एल-डोपा दिलं तर ती हलायला लागली. तिशीच्या आतबाहेरची मुलं होती हो, त्यांचं वय झालं नव्हतं आणि नसा कमजोर नव्हत्या, एवढं तरी तुमच्या लेखकाने लक्षात घ्यावं.

उलटी बाजूही आहे. घट्ट ओढणाऱ्या रस्त्यावर सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाची एक गाठ आहे, लांबीला फार तर सेंटिमीटरभर. छोट्याशा स्ट्रोकने तेवढीच एका बाजूची गाठ गेली तर विरुद्ध बाजूचा हात जोरजोरात भिरकावला जातो, माणसाची अजिबात इच्छा नसताना, कारण ब्रेक ओढणाराच गेला. हंटिंग्टन्स या आनुवंशिक मेंदूच्या आजारात स्ट्रायटममधल्या याच रस्त्याच्या पेशी आधी मरतात, म्हणून सुरुवातीला तिथे सतत वळवळ दिसते. म्हणजे मनाचा आणि हालचालीचा संबंध या खोल गाठींपाशी दोन्ही दिशांनी तुटू शकतो, मन म्हणतं हल आणि हलता येत नाही, मन म्हणतं थांब आणि थांबता येत नाही. १९९० मध्ये एमपीटीपी दिलेल्या माकडांमध्ये बर्गमन, विकमन आणि डिलाँग यांनी ही सेंटिमीटरभराची गाठ निकामी केली आणि थिजलेली माकडं फिरायला लागली. आज जी डीप ब्रेन स्टिम्युलेशनची शस्त्रक्रिया करतात त्यात बहुतेक वेळा तार इथेच ठेवतात, छातीत पेसमेकरसारखी बॅटरी आणि सेकंदाला साधारण १३० वेळा बारीक विजेचे ठोके. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला बेनाबिद यांनी १९८७ ला थॅलॅमसपासून याची सुरुवात केली होती. सगळ्यांना ती चालत नाही आणि आजार त्याने थांबतही नाही, बाबांच्या बाबतीत आम्ही अजून तिकडे गेलेलो नाही.

ब्रेकचं हे चित्र सोपं करून सांगितलेलं आहे, प्रत्यक्षात हालचाल सुरू होताना दोन्ही रस्ते एकाच वेळी जागे होतात असंही दिसलंय. आणि लहान मेंदूचं काम वेगळं, तो नेम आणि ठेका सांभाळतो, तो बिघडला तर हात निघतो वेळेवर पण वस्तूच्या पुढे जातो नाहीतर अलीकडे राहतो. त्याच्यावर वेगळं पत्र लागेल.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. "मघाशी तर चाललात की." हे वाक्य मी बाबांना बोललेय, एकदा नाही, पुष्कळदा, आईही बोललीय, काका तर अजूनही येतात तेव्हा बोलतात, मनात आणलं की जमतं त्याला, नाहीतर बसून राहतो. आणि बघणाऱ्याला तसं वाटावं असंच हे असतं. गोळी घेतल्यावर तासाभराने बाबा जिना उतरून खाली जातात, गोळीचा असर उतरला की तेच बाबा खुर्चीतून उठू शकत नाहीत, मध्ये चार तासांचं अंतर. मोकळ्या खोलीत सरळ चालतात आणि दाराशी आले की पाय जमिनीला खिळतात, वरचं शरीर पुढे जायला बघतं आणि पाय जागेवर थरथरल्यासारखे बारीक पावलं टाकतात, तिथेच पडायची भीती असते. चालता चालता कोणी काही विचारलं तरी थांबतात, कारण तुमचं आमचं चालणं आपोआप होतं, त्यांना एकेक पाऊल डोक्याने टाकावं लागतं, आणि उत्तर देण्यात डोकं गेलं की पावलाला उरत नाही.

एके दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्वयंपाकघराच्या दारापासून आतपर्यंत जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या लावल्या, एका पावलाच्या अंतराने, आणि म्हणाल्या, काका, चालायचं नाही, फक्त पट्टी ओलांडायची. बाबा नेहमीसारखे दाराशी खिळले होते. त्यांनी खाली बघितलं, पहिल्या पट्टीवरून पाय उचलला, चांगला वीतभर वर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि सरळ ओट्यापाशी जाऊन उभे राहिले. आई रडायलाच लागली. आणि खरं सांगते, माझ्या मनात त्या क्षणी पहिला विचार काय आला असेल तर हाच की म्हणजे येतं तर चालता! मग इतके दिवस! तो विचार आल्याची मला अजून लाज वाटते, आणि म्हणूनच त्यामागचं कारण मी शोधत बसले.

कारण असं की स्वतःहून, आतून सुरू करायची हालचाल या खोल गाठींच्या भरवशावर असते, पण समोर काही दिसलं, ठेका ऐकू आला, तर वरचा मेंदू डोळ्याकानांच्या आणि लहान मेंदूच्या मदतीने दुसऱ्या वाटेने तेच काम करून घेऊ शकतो. मुख्य दरवाजा अडकलाय पण मागचं दार उघडतं, आणि ते उघडायला बाहेरून कोणीतरी हाक मारावी लागते. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका पेशंटचं उदाहरण प्रसिद्ध केलं, त्याला चार पावलं धड चालता येत नव्हती आणि सायकल मात्र झकास चालवत होता, पेडलचा ठेका त्याला ओढून नेत होता, उतरला की पुन्हा पाय खिळले. त्याला कोणी नाटकी म्हणेल का? आमच्याकडे आता मेट्रोनोमचं ॲप आहे, दाराशी आलं की टक टक सुरू करतो, किंवा मी नुसतं एक दोन, एक दोन म्हणते. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, चला चला घाई करायची नाही, घाईने खिळणं वाढतं.

चेहऱ्याचंही तेच. हसणं ही सुद्धा आपोआप सुटणारी हालचाल आहे, तिलाही तीच परवानगी लागते. बाबांचे एक जुने मित्र होते, दर आठवड्याला यायचे, ते यायचे बंद झाले, नंतर कुणाकडून तरी कळलं की मी जातो आणि तो तोंड पाडून बसतो, त्याला मी आलेलं आवडत नाही असं त्यांना वाटलं होतं. बाबा त्यांची सकाळपासून वाट बघायचे.

अजून एक गोष्ट, ही छापलीच पाहिजे. उलटी थांबवण्याच्या आणि चक्करीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ मेटोक्लोप्रमाइड, फ्लुनारिझिन, सिनारिझिन, आणि मानसिक आजारावरची हॅलोपेरिडॉलसारखी काही औषधं मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतात. त्याने चांगल्या माणसातही हीच लक्षणं येऊ शकतात, आणि ज्याला आधीच आजार आहे तो एकदम खाली जातो. म्हणून घरात कोणी अचानक मंद झालं, हात हलवायचं बंद झालं तर आधी चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. मनाने काही बंद करू नका, विशेषतः पार्किन्सन्सची गोळी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. आणि खाजकुयलीच्या बियांमध्ये एल-डोपा असतं हे खरंय, पण म्हणून चालू गोळीच्या जोडीला तिची पावडर आपल्या अंदाजाने घेऊ नका, दोन्हीचा मिळून डोस किती झाला हे कुणालाच कळत नाही.

तुमच्या लेखकाला दोष द्यायचा नाहीये. पण ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सनच्या जन्मदिवशी, जागतिक पार्किन्सन्स दिन असतो आणि दरवर्षी त्या आठवड्यात सगळीकडे तोच थरथरता हात छापून येतो. तेवढ्यावरून आमच्यासारखी घरं म्हणतात की आपल्या माणसाला कंप नाही म्हणजे हे नाही, आणि दीड वर्ष जातं. यावेळी फोटो मी देते. बाबांना विचारलंय, ते हो म्हणालेत, फक्त चेहरा नको म्हणाले. त्यात दार आहे, जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या आहेत, कडेला उचकटून मळलेल्या, आणि पहिल्या पट्टीच्या वर उचललेला एक पाय आहे.

कळावे,
आपली एक नियमित वाचक